स्पाला सुट्टी कशाला?

संपादक महोदय,

फॉर्म्युला वन कार रेसच्या कॅलेंडरमध्ये २०२८ आणि २०३० ला बेल्जियमचं स्पा सर्किट नसणार, हे अजून पचत नाहीये. ७ किलोमीटरचा ट्रॅक, ओ रूज वळणाचा तो चढ, एका टोकाला धो धो पाऊस नि दुसऱ्या टोकाला रस्ता कोरडा, आपल्याकडे कात्रजला पाऊस आणि कोथरूडला ऊन असतं ना अगदी तसं, मग टायर कुठले लावायचे इथंच टीमची परीक्षा, असं सर्किट दरवर्षी हवंच. मोनॅकोत ओव्हरटेक क्वचितच होतो, तरी राहू दे, इतिहास आहे तो. पण आयोजकांकडून नुसती फी जास्त मिळते म्हणून ट्रॅक निवडू नका. आणि हो, आपलं ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, २०११ ते २०१३ तीनच रेस, तिन्ही जर्मन ड्रायव्हर सेबॅस्टियन व्हेटेलने जिंकल्या, तेही परत यावं असं मनापासून वाटतं.

– एक वाचक, कोथरूड, पुणे