दुसरा हात मारून दोष झाकू नकोस

सोलापूर

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू कोल्हापूरहून पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. पंपाच्या कास्टिंगवर दिलेल्या इपॉक्सी रेझिनच्या लेपात तीन वेगवेगळे दोष आहेत आणि तिघांची कारणं वेगळी आहेत. "वरून अजून एक हात मारा, झाकून जाईल" असं तुमच्याकडे कुणी सांगत असेल तर ऐकू नकोस. खालचं छिद्र वरच्या थरातून पुन्हा डोकं काढतं, आणि तोवर माल गिऱ्हाइकाच्या दारात पोचलेला असतो. आधी दोष ओळख, मग पॉलिश पेपर हातात घे.

पहिल्या फोटोत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं आहेत. त्यासाठी रेझिनला दोष देऊ नकोस. बिडाचं कास्टिंग सच्छिद्र असतं, त्याच्या पोकळ्यांत हवा आणि ओल दडलेली असते. गार भागावर लेप दिला आणि नंतर तो भाग तापायला लागला, की आतली हवा फुगून ओल्या थरातून बाहेर पडते. रेझिन तोवर घट्ट झालेलं असेल तर भोक बुजत नाही. म्हणून क्रम उलटा कर. भाग आधी भट्टीत साठेक अंशांवर तापवून कोरडा कर, बाहेर काढून हाताला कोमट लागेपर्यंत थांब, आणि तो निवत असतानाच पहिला पातळ हात दे. निवताना आतली हवा आकसते आणि रेझिन छिद्रात ओढून घेते. जाड थर नंतर. लेप दिलेला भाग उन्हात तर अजिबात नेऊ नकोस. आणि ड्रिलला पाती लावून जोरात घुसळणं बंद करा, त्यानं बुडबुडे आपणच आत भरतो.

दुसऱ्या फोटोतले गोल खळगे, ज्यांच्या तळाशी उघडा धातू दिसतो, ते तेलाचे किंवा सिलिकॉनचे. तेल येतं कुठून, हे शोधण्यातच सगळं कौशल्य आहे. मशिनिंगचं कूलंट असेल, कॉम्प्रेसरच्या हवेतून येणारं तेल असेल, शेडच्या दुसऱ्या टोकाला कुणी साच्यावर सिलिकॉनचा फवारा मारत असेल. हवेच्या नळीसमोर पांढरा कागद धर, ठिपके उठले तर फिल्टर बघ. थिनरनं पुसताना दोन फडकी घे: ओल्यानं पुसलं की सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ फडक्यानं उचलून घे, नाहीतर तेल फक्त पसरतं. पुसून झाल्यावरच घास. तेलकट भाग आधी घासलास तर तेल ओरखड्यांत जाऊन बसतं. शेवटी भागावर स्वच्छ पाणी ओत. पाण्याचा सलग पडदा राहिला तर भाग स्वच्छ, थेंब गोळा झाले तर पुन्हा पूस. ही परीक्षा फुकट आहे, ती चुकवू नकोस. पाणी पूर्ण सुकवायला मात्र विसरू नकोस.

तिसरा दोष, म्हणजे लेपावर धरलेली पांढुरकी साय, इथे सोलापुरात आपल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तुला क्वचितच दिसला असता. इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे आपली लढाई भांड्यातच घट्ट होणाऱ्या रेझिनशी. दहा अंश वाढले की हाती असलेला वेळ साधारण निम्मा होतो, म्हणून आपण थोडं थोडं कालवून पसरट ट्रेमध्ये ओततो. कोल्हापूरचा पाऊस वेगळा. दमट, गार हवेत हार्डनरमधलं (रेझिन घट्ट करायला त्यात कालवतो त्या द्रवातलं) अमाइन हे रसायन हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतं आणि पृष्ठभागावर ही तेलकट साय धरते. ती थिनरनं नीट निघत नाही आणि नुसतं घासलं तर पसरते. कोमट पाण्यानं, खरखरीत स्पंजनं धू, सुकव, मग घास. नाहीतर पुढचा थर पापुद्र्यासारखा सुटेल. शेडमध्ये आर्द्रतामापक लाव. ८५ टक्क्यांच्या वर काम थांबव, आणि धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं दव होतं, त्यापेक्षा) किमान ३ अंश जास्त आहे ना, ते पाहा. मालकांना हे सांगायला कचरू नकोस, यात अडून बसलीस तरी चालेल.

एखादा भाग दोन दिवसांनीही चिकटच राहिला तर ते प्रमाण चुकल्याचं किंवा नीट न कालवल्याचं लक्षण. डब्यावर वजनाचं प्रमाण असेल तर काट्यावरच मोज, मापानं नको, कारण रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून घे. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालणं हा तर शुद्ध वेडेपणा. जादा हार्डनर तसाच उरतो आणि थर कच्चा राहतो.

आणि हातमोजे. फोटोत तुझी बोटं उघडी दिसली, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर सुटत नाही, आणि मग हे काम कायमचं सोडावं लागतं. नायट्राइलचे मोजे घाल, ओले झाले की बदल. हात थिनरनं कधीच धुऊ नकोस, त्यानं रसायन कातडीत आणखी मुरतं. साबण-पाणी पुरतं. घासताना मास्क हवाच.

पुढचे फोटो पाठवशील तेव्हा त्यासोबत त्या वेळची आर्द्रता, भागाचं तापमान आणि भट्टीतून काढल्यावर किती वेळानं लेप दिलास तेही लिही.

तुझे
बाबा