उचलेन, फोन कर

प्रिय सुध्या,

आठ महिने पत्र नाही, तुझे फोनही उचलले नाहीत. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

सोमवारी बदलीला लेखी नकार देऊन आलो. बढतीही गेली. घरात सगळे म्हणाले, "बरं केलंस," आणि तिथेच पोटात गोळा आला. नंदूच्या लग्नात सगळ्यांदेखत तू मला खडकाला चिकटलेली गोगलगाय म्हणालास आणि स्वतःला पाणटिवळा, तो लांब चोचीचा, दूरदूर उडत जाणारा पक्षी. (नाक तेवढं जुळतं.)

म्हणून काल ओहोटीला खडकावर जाऊन बसलो. करंगळीच्या नखाएवढी समुद्री गोगलगाय, भर उन्हात. वाकून पाहिलं तर पाय बाहेर नव्हताच. अंग आत, दार बंद, आणि शंखाची कड टेकलेली ती वाळलेल्या चिकट स्रावाच्या नुसत्या रेघेवर. तापलेल्या दगडाला जेवढं कमी टेकावं तेवढं बरं. नखाने जरा ढकललं, तर टपकन पडली. चिकटलेली नव्हतीच रे! पाणी आलं की हीच हिंडते, दातेरी जिभेने शेवाळ खरवडते. पुढचे दात झिजतात, मागून नवे सरकतात.

आणि तुझा पाणटिवळा? २०२२ मध्ये त्या पट्टेदार शेपटीवाल्यांतलं पाचेक महिन्यांचं पोर अलास्काहून टास्मानियाला गेलं. १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, कुठेही न उतरता. टाळ्या. पण निघण्याआधी हे पक्षी अंगात चरबी भरतात आणि अन्न दळणारी पेषणी, आतडी, यकृत आक्रसून घेतात. ओझं नको म्हणून पोटच लहान! दर बदलीला तू पुस्तकं वाटून टाकायचास ते आठवलं. माझा शब्दकोश त्यातच गेला, विसरलेलो नाही.

पण खरं सांगू? भरतीची वाट बघत थांबलो, की नुसताच पाय आत ओढला, हे मलाच कळत नाही. सही करताना हात थरथरला नाही, तेच खटकतंय. घाबरलो असतो तर थरथरला असता ना? की जुन्या भीतीला थरथर लागतच नाही? हिला विचारलं, तर म्हणाली, "सुधाकरभावजींना विचारा."

तुझं नवीन काम कसं चाललंय? छकुलीचा निकाल लागला का? आईंना नमस्कार.

पडलेली गोगलगाय उचलून सावलीच्या कपारीत ठेवली. तिला तिथे बसायचं होतं की नाही, विचारलं नाही. हसायचं असेल तर फोन करून हस. उचलेन.

तुझा,
दिगू