‘पच्’ आणि ‘पेच’ यांचे खरे नाते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील एका लेखात, रशियन भाषेतील ‘पेच’ (भाजणे) हे क्रियापद संस्कृत ‘पच्’ धातूपासून निघाले, असे विधान आले आहे. या शब्दांचे नाते खरे आहे. परंतु ते मायलेकींचे नसून बहिणींचे आहे, आणि त्याचा पुरावा खुद्द संस्कृतातच दडलेला आहे.

स्लाव्ह भाषांच्या तुलनेतून अभ्यासकांनी ‘पेक्ती’ हे आदिस्लाव्ह (म्हणजे या भाषांच्या समान पूर्वज भाषेतले) रूप मांडले आहे. ते प्रत्यक्ष कोठेही लिहिलेले सापडत नसल्याने त्याच्या आधी तारका घालतात. रशियन ‘पेच’, सर्बियन ‘पेची’, पोलिश ‘प्येत्स’ ही त्याचीच संतती.

रशियन शिकवताना मी एकदा फळ्यावर ‘पेकू’ (मी भाजतो) आणि ‘पेच्योत’ (तो भाजतो) ही रूपे लिहिली. एका विद्यार्थिनीने वहीत त्यांच्या शेजारी ‘स्वयंपाक’ आणि ‘पचन’ लिहून क व च यांच्याखाली रेघा ओढल्या. तिने नेमके मर्म पकडले होते. क चा असा च होतो तो इ-ए यांसारख्या स्वरांपूर्वी. मग ‘पचति’मध्ये अ असताना च कसा? तर त्या अ च्या जागी पूर्वी ऱ्हस्व ए होता. त्याने क चा च केला आणि पुढे तो स्वतःच अ झाला. स्लाव्ह भाषांनी तो ए जपला, आणि त्यांच्याकडे क चा च स्वतंत्रपणे, नंतरच्या काळात झाला. शब्द संस्कृतातून गेला असता, तर संस्कृताने गमावलेला स्वर त्यांना मिळाला कोठून?

रशियन ‘पेचाल’ म्हणजे दुःख, हा शब्दही याच कुळातला. एखाद्यासाठी जीव जळणे आपल्यालाही परके नाही. आपल्याकडे ‘पक्व’पासून प्राकृत ‘पिक्क’ आणि त्यावरून ‘पिकणे’, ‘पीक’ हे शब्द आले, म्हणजे चुलीवरचा धातू मराठीत शेतापर्यंत पोहोचला.

ज्या पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत कोशाचे काम चालू आहे, तेथील वृत्तपत्रात हे विधान तसेच राहू नये. पुढील पुरवणीत त्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
रशियन भाषेची एक निवृत्त शिक्षिका,
सदाशिव पेठ, पुणे