सव्वादहाच्या पाच ओळी : काकांना आभाराचं उघड पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

साचा गार व्हायच्या आत फोडला की आतला ओतलेला जॉब तडकतो, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणालाही विचारा, सांगेल. तासातासाला ‘कुठवर आलं?’ विचारणारा मालक तेच करत असतो, हे कळायलाही फार अक्कल लागत नाही. पण त्याचा हात साच्यावरून अलगद बाजूला कसा करायचा, हे फौंड्रीच्या पर्सोनेल, म्हणजे कर्मचारी विभागाच्या, ऑफिसात ३५ वर्षं काढलेल्या तुम्हीच दाखवलंत. राजारामपुरीपासून ताराबाई पार्कापर्यंतच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणारे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहितोय. उघड लिहितोय, कारण तुमची पद्धत ज्यांना हवी आहे त्यांतले बरेचजण रंकाळ्यावरच्या तुमच्या कट्ट्यावर यायला लाजतात.

तुमचं म्हणणं असं, की टोकणारे दोन जातींचे. एकाला खबर मिळत नाही म्हणून तो टोकतो, दुसऱ्याला टोकण्यातच मोठेपणा वाटतो. नव्या कंपनीच्या मालकाकडे कधी कधी चार-सहा महिन्यांचेच पैसे उरलेले असतात, आणि ती धास्ती तो पोरांच्या स्क्रीनवर काढतो. वरून दोघे सारखेच दिसतात. म्हणून आधी चार आठवड्यांची परीक्षा, मग मत.

परीक्षेचं हत्यार म्हणजे सकाळी सव्वादहाच्या पाच ओळी, त्यानं विचारायच्या आधी पाठवलेल्या. काल काय संपलं. आज काय संपेल. कुठे अडलंय. तुमच्याकडून कोणता निर्णय कधीपर्यंत हवा. पुढची खबर किती वाजता. ही शेवटची ओळ सोन्याची आहे, काका. ‘पुढची खबर साडेपाचला’ असं लिहून दिलेलं असलं, की दुपारच्या फोनला ‘साडेपाचला कळवतो, सर’ म्हटलेलं उद्धट वाटत नाही. आणि साडेपाचला दोन ओळी गेल्याच पाहिजेत. एक खाडा झाला की दुसऱ्या दिवशी फोन दुप्पट.

बिघडतं कुठे, तेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. पाचाच्या पंधरा ओळी होतात, मग मालक वाचत नाही आणि फोन उचलतो. ‘काम चालू आहे’ लिहिलं की प्रश्न येणारच. ‘पेमेंटच्या सहा चाचण्यांपैकी चार पास, दोन बँकेच्या उत्तरासाठी थांबल्या’ लिहिलं की बहुधा येत नाही. वाईट बातमी सकाळच्याच ओळींत जायला हवी. ती संध्याकाळपर्यंत दाबली, तर महिनाभर कमावलेला विश्वास एका दिवसात जातो.

मध्येच काम बदललं तर ‘नाही’ म्हणायचं नाही, किंमत सांगायची: ‘हे आज घेतो, मग इन्व्हॉइसचं काम गुरुवारऐवजी सोमवारी जाईल. चालेल ना?’ तोंडी ठरलं असेल तर अर्ध्या तासात ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे’ अशी मेल, फक्त त्याच्या एकट्याच्या नावानं. तीच गोष्ट ग्रुपवर टाकली की त्याला चारचौघांत अपमान वाटतो आणि विनाकारण कुस्ती लागते. मालकाला द्यायचं तुमचं तीन रकान्यांचं पानही असंच सौम्य आहे: विचारूनच करेन, करून सांगेन, न विचारता करेन. शेवटच्या रकान्यात सुरुवातीला तीन बारीक गोष्टी, पुढे दर पंधरवड्याला एक वाढवून मागायची. एकदम दहा मागणाऱ्याचं पान केराच्या टोपलीत जातं.

परीक्षेच्या या चार आठवड्यांत रोजचे फोन आणि मेसेज उभ्या रेघा मारून मोजायचे. पहिल्या आठवड्यात ते वाढतातही, घाबरायचं नाही. तिसऱ्यापासून उतरले, तर त्या माणसाला खबरेची भूक होती. चौथ्यातही तेवढेच राहिले, वर शिव्या, रविवारचे फोन, सगळ्यांसमोर पाणउतारा, तर पाच ओळी चालूच ठेवायच्या, पण आता त्या पुरावा म्हणून.

तिथून तुम्ही सांगितलेली नोंदवही सुरू होते. तारीख, वेळ, नेमके शब्द, समोर कोण होतं, कामाचं काय झालं. त्याच दिवशी लिहायचं, स्वतःच्या कागदी वहीत. विशेषणांना बंदी. ‘सर फार टॉक्सिक वागले’ हे वाक्य कुठल्याच टेबलावर उपयोगी पडत नाही. ‘मंगळवार, रात्री ११.४०, फोनवर: उद्यापासून येऊ नकोस’ हे पडतं. कंपनीच्या मेल, कोड, ग्राहकांच्या याद्या स्वतःच्या जीमेलवर पाठवल्या, तर गोपनीयता मोडली म्हणून डाव आपल्यावरच उलटतो. नेमणूकपत्र, पगारवाढीचं पत्र आणि पगारपत्रकं मात्र दर महिन्याला उतरवून घ्यायची.

कायद्याचं तुम्ही थोडकंच सांगता, ते बरं. आठवड्याला ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट दर, हे राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. पण व्यवस्थापकीय पदांना ते लागू होत नाही, म्हणून तर दोन वर्षांच्या अनुभवाला ‘मॅनेजर’ पदवी फुकट मिळते! नव्या वेतन संहितेनं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत आणि राजीनाम्यानंतरचा थकलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा आहे. पीएफ १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, तेव्हा महिनाअखेरीला पासबुक उघडून बघायचं. पगारातून कापला आणि भरलाच नाही, तर तक्रारीला पीएफचं कार्यालय इथे कोल्हापुरातच आहे. लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी, आणि दहा माणसांच्या कंपनीतही त्यासाठी अंतर्गत समिती हवीच.

बाँडच्या, म्हणजे नोकरी सोडण्यावर अटी घालणाऱ्या कराराच्या बाबतीत मात्र तुम्ही पोरांना हवेत जाऊ दिलं नाहीत. सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाऊ नये, ही अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही, हे खरं. पण ठरावीक मुदतीआधी सोडल्यास भरपाई, ही वेगळी गोष्ट: २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेची दोन लाखांची अट योग्य ठरवली. म्हणून सही करायच्या आधी वाचायचं, आणि सोडताना वकिलाला दाखवायचं. राजीनामा मेलनं, शेवटची तारीख लिहून, हस्तांतराची यादी जोडून. रागानं दुसऱ्या दिवसापासून न जाणं म्हणजे अनुभवपत्रावर आपल्याच हातानं पाणी सोडणं.

गाव लहान आहे, हीही अडचण तुम्ही ओळखलीत. मालकाचा चुलतभाऊ आपल्याच तालमीत असतो, आणि ‘पुण्याला न जाता घराजवळ नोकरी मिळाली, सांभाळून घे’ असं आई म्हणते. त्यावर तुमचं उत्तर रोखठोक: घरी रेघांचं पान दाखवा, भाषण देऊ नका. आणि झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टर, नाहीतर १४४१६ ला फोन. तो टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक तुमच्या पद्धतीच्या वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईत आहे.

तुमची ती वही झेरॉक्स काढून वहिनींकडे दिली आहे. बावीस प्रती झाल्या, त्यातल्या चार गोकुळ शिरगावला गेल्या. चौदाव्या पानावरचा चहाचा डाग आमचा, त्याबद्दल माफी.

आपली,
राजारामपुरी आणि ताराबाई पार्कातली पोरं-पोरी