कलमांचे कागद घरीच ठेवा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

कोथरूडातल्या आमच्या मालवणी हॉटेलची दुसरी शाखा बाणेरला काढावी आणि त्यासाठी आंब्याच्या कलमांच्या बागेवर कर्ज घ्यावं, हा विषय बाबांनी परवा फोनवर पुन्हा काढला. गल्ल्यावर बिलासाठी माणसं उभी होती, त्यामुळे मला धड बोलता आलं नाही. शिवाय फोनवर बाबा माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीत. म्हणून सावकाश लिहिते.

बाबा, तुम्ही आलात तो रविवार होता. फुटपाथपर्यंत लोक थांबलेले, आणि तुम्ही गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून टेबलं मोजत होतात. त्या एका दुपारवरून तुम्ही अख्ख्या महिन्याचा हिशेब मांडलात. पण कोथरूडात मासे खाणारेही वार पाळतात. सोमवार, गुरुवार, शनिवार गेले. संकष्टी गेली, नवरात्र गेलं, अख्खा श्रावण गेला. खरा धंदा बुधवार, शुक्रवार, रविवारचा. जागामालक भाडं मात्र तिसांचं तीस दिवस घेतो.

आई, ते भाकड वार तुझ्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याने सावरले. शनिवारी सांबारं-वडे आणि कुळथाची पिठी-भात ठेवायचं म्हटल्यावर आमचा मुख्य आचारी, वस्ताद, तोंड वाकडं करून म्हणाला, पिठी खायला हॉटेलात कोण येणार? आता शनिवारी वडे थापायला वेगळा माणूस लागतो. त्यातली गंमत अशी की वाटाणे-कुळीथ काही रात्री टाकून द्यावे लागत नाहीत, त्यामुळे त्या ताटात माशाच्या ताटापेक्षा जास्त पैसे सुटतात. सुरमईचं उलट. पाच किलोची घेतली तर डोकं, शेपूट, पोट जाऊन तुकड्यांना साडेतीन किलोच्या आसपास राहते. भाव मोजायचा तो पाच किलोंचा. डोक्यांचं तिखलं आमची कामावरची मुलं खातात आणि खरं सांगू, गिऱ्हाइकांपेक्षा तीच चांगली जेवतात.

पावसाळ्याचं तर विचारूच नका. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पण पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. म्हणजे जूनचे पहिले दोन आठवडे दोन्हीकडच्या बोटी बंद. तेव्हा गणेश पेठेच्या बाजारात असतो तो बहुतेक बर्फातला साठा, नाहीतर रोहू-कटला, आणि मालवणी पाटीखाली रोहू विकायला माझं मन होत नाही. पंधरा जूननंतर तिकडचा माल यायला लागतो. मग गटारीपर्यंत झुंबड, आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण. म्हणून आम्ही मेन्यूकार्डावर सुरमई-पापलेटचा भाव छापतच नाही, रोज फळ्यावर लिहितो. लोक भांडतात. भांडू देत.

आता तुमचा प्रश्न, एवढं चालतं तर पैसा जातो कुठे? शंभर रुपये आले तर चाळीस मासळी, नारळ, तेल, तांदळात जातात. पंचवीस पगारात, त्यातच मुलांच्या खोलीचं भाडं आणि त्यांचं जेवण. पंधरा जागेचे. गॅस, वीज, पार्सलचे डबे, बिघडलेला फ्रीज यांचे दहा. उरले दहा, तेही महिना बरा गेला तर. बिलावरचा पाच टक्के जीएसटी आपला नव्हेच, तो सरकारचा. उलट भाड्यावर आपण जो अठरा टक्के भरतो त्याची वजावट हॉटेलवाल्याला मिळत नाही. घरपोच मागवलेल्या जेवणातला पाचवा हिस्सा ॲपवाले आधीच कापून घेतात, त्यामुळे तिकडे मी मासे फारसे ठेवतच नाही. तळलेली तुकडी डब्यात घामेजते आणि नावं आपल्याला ठेवली जातात.

हे सगळं असूनही हॉटेल चांगलं चाललंय, हे तुम्हाला कळावं. पुरवठादारांची उधारी नाही, पगार सात तारखेच्या पुढे जात नाही, आणि जागेच्या डिपॉझिटसाठी काढलेलं कर्ज फिटत आलंय.

तरीही बाणेरला दुसरी शाखा काढायची नाही, आणि त्याचं कारण पैसा नव्हे. पैसा बँकही देईल. पण पहाटे बाजारात कल्ले उघडून मासा पारखणारा माणूस एकच आहे, तुमचा जावई. वस्ताद एकच. आई, तुझं अंदाजाचं वाटण मी ग्रॅमात लिहून काढलं, तिरफळं किती तेही मोजून ठेवली, म्हणून मी नसतानाही कालवणाची चव बरीचशी तीच राहते. पण बांगडा किती शिळा चालेल ते वजनकाट्यावर कळत नाही. तिथे 'नको, परत पाठव' म्हणणारं कोणीतरी उभं लागतं. अशी दोन माणसं तयार होईपर्यंत दुसरा गल्ला म्हणजे दुसरीकडून गळती. आणि आमची निम्मी मुलं आपल्याकडची. गणपतीत ती घरी जाणारच, त्यांना अडवायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. एक हॉटेल पाच दिवस बंद ठेवणं परवडतं. दोन नाही.

तो बाणेरचा गाळा दाखवणारे काका तुमच्या ओळखीचे आहेत, त्यांना वाईट वाटेल. त्यांना सांगा, लेक हट्टी आहे. त्यांना पटेल.

कलमांवर तुमचं म्हातारपण आहे. गेल्या वर्षी मोहोर जळला तेव्हा फवारणीला पैसे कुठून आणले ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, मला दुसरीकडून कळलं. यापुढे फवारणीचं बिल इकडे पाठवायचं, ते मी शंभरातल्या त्या दहातून देईन. सातबारा आणि बाकीचे कागद बँकेत दिले असतील तर या आठवड्यात परत आणा. बाबा, गुडघा दुखत असेल तर एसटीने जाऊ नका, रिक्षा करा.

मसाल्याच्या मिरच्या मी इथूनच घेऊन येते, आई. तू उन्हात वाळवत बसू नकोस. मेच्या शेवटच्या आठवड्यात येईन, तेव्हा डंकावर आपण दोघी जाऊ.

तुमची,
बाय