आरिफची अपुरी राहिलेली शर्यत

महोदय,

बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ फेब्रुवारी २०२२ रोजी पुरुषांच्या स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांच्या फाटकांमधून वळणे घेत उतरण्याच्या स्कीइंग शर्यतीत, फ्रान्सचा क्लेमाँ नोएल पहिल्या फेरीअखेर सहावा होता. दुसऱ्या फेरीत मुसंडी मारून त्याने सुवर्ण जिंकले. त्याच उतारावर गुलमर्गच्या आरिफ खानची शर्यत पहिल्याच फेरीत अपुरी राहिली. त्याला अपयशी म्हणणे मला फार लागते. स्लॅलममध्ये एक फाटक चुकले की खेळ संपतो, भलेभले बाद होतात. तीनच दिवसांपूर्वी हाच आरिफ जायंट स्लॅलममध्ये (फाटके जास्त अंतरावर असलेल्या शर्यतीत) पंचेचाळिसावा आला होता, आणि त्या ऑलिम्पिकमधला तो भारताचा एकमेव खेळाडू होता! गुलमर्गच्या मुलांना सरावासाठी परदेशी पाठवण्याचा खर्च सरकारने उचलावा, ही कळकळीची विनंती.

– एक क्रीडाप्रेमी, नाशिक