तुझ्या प्रोग्रॅममधली ती संख्या

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

बेरीज करता करता तुझ्या प्रोग्रॅमने एकदम ऋण संख्या दाखवली आणि तू वैतागलीस, असं बाबा म्हणाले. तो जिथे अडला ती २,१४,७४,८३,६४७ माझ्या जुन्या ओळखीची आहे गं. ३२ बिटांतलं, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या ३२ जागांतलं, एक चिन्हासाठी राखलं आणि उरलेल्या ३१ जागी १ भरले, की हीच संख्या. म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. त्यात आणखी १ मिळवलास की गाडी थेट उणे २,१४,७४,८३,६४८ वर.

पण ती मूळ संख्या आहे, हे तुम्हाला कुणी शिकवलं का? संगणकाला त्याचं काही देणंघेणं नाही. ६३ जागी १ भरले तर येणाऱ्या संख्येला ७ ने भाग जातो, तरी यंत्र सुखाने चालतं. घातांक मूळ असला की झालं, असंही नाही. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते निघतात २३ गुणिले ८९. ३१ च्या बाबतीत जमून आलं, एवढंच.

ते जमलंय हे ऑयलर या गणितज्ञाने १७७२ साली दाखवलं. सेंट पीटर्सबर्गला होता तेव्हा, आणि डोळे जवळपास गेलेले. सरळ रीतीने जायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघायचा. चार हजारांवर भागाकार! त्याने आधी डोकं चालवलं. ३१ मूळ असल्यामुळे हिचा कुठलाही मूळ विभाजक ६२ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असतो. शिवाय त्याला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी जोडल्या की २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ उरेल, तेवढ्याच मूळ संख्या तपासायच्या. चाळणीत राहतात जेमतेम ऐंशीएक. भाग देण्याआधीच काम एवढं कमी केलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पहिली येते ३११. भागाकार ६९,०५,०९२, बाकी ३५. गेली.

१८११ मध्ये बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहून ठेवलं, की या संख्येपासून होणारी १९ अंकी परिपूर्ण संख्याच (स्वतःखेरीज बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज स्वतःएवढीच असणारी) सर्वांत मोठी राहणार. असल्या निरुपयोगी गोष्टीसाठी पुढे कोण जातंय! माणसांच्या हौसेचा त्याला अंदाज नव्हता. २०२४ मध्ये याच घराण्यातली, म्हणजे २ चा घात वजा १ अशी, जी मूळ संख्या सापडली, तिला ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक आहेत.

तुमच्या संगणकांतली जुन्या, ३२ बिटांच्या पद्धतीची घड्याळं १९७० पासूनचे सेकंद मोजत आपल्या या संख्येशी १९ जानेवारी २०३८ ला, इथल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी पोचतील. तू तोवर थांबू नकोस, ६४ बिट घे.

आणि ३११ नंतरची आहे १३०३. कागदावर भाग दे, फोनवर नाही. बाकी २२६ यायला हवी. नाही आली तर हातचे तपास.

तुझी,
आई